चित्राच्या साक्षीने संवाद

मालवण परिसरात कोणत्याही कार्याचा आरंभ गाऱ्हाण्याने होतो. गावाच्या वतीने एकजण देवासमोर उभा राहतो, सर्वांची सुखदुःखे, मागण्या आणि चुका एका दमात मांडतो आणि प्रत्येक वाक्याच्या अखेरीस जमलेली मंडळी एकमुखाने म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ देवाच्या दारी ही रीत शोभून दिसते. परंतु हीच सवय जेव्हा मच्छीमार संस्थेच्या सभेत, बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत किंवा शहरातील एखाद्या कंपनीच्या बैठकीत शिरते, तेव्हा पंचाईत होते. एक बोलतो, बाकीचे माना डोलावतात; ठराव एकमताने संमत होतो आणि बाहेर पडताच दारातच त्याला फाटे फुटू लागतात. ज्यांनी तोंड उघडलेले नसते, त्यांचा विरोध नाहीसा झालेला नसतो. तो केवळ बोलला गेलेला नसतो.

ही मिटलेली तोंडे उघडण्यासाठी जगभरात अर्ध्या शतकाहून अधिक काळ एक साधा उपाय वापरला जात आहे. चर्चेच्या मध्यभागी एक छायाचित्र ठेवायचे आणि ‘काय वाटते?’ असे न विचारता ‘काय दिसते?’ असे विचारायचे. व्यवस्थापन, समुपदेशन, प्रौढशिक्षण आणि ग्रामविकास अशा भिन्न क्षेत्रांत ही पद्धत रुजली आहे. योगायोग असा की, चित्र समोर ठेवून लोकांशी बोलण्याची एक जुनी परंपरा याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात आजही जिवंत आहे. ती पाहिली, म्हणजे आधुनिक पद्धतीचे मर्मही समजते आणि तिचे वेगळेपणही.

पद्धत म्हणजे नेमके काय?

‘कोचिंग’ म्हटले की आपल्याकडे शिकवणीचे वर्ग डोळ्यांसमोर येतात. येथे अभिप्रेत असलेले कोचिंग त्याच्या जवळजवळ उलट आहे. शिकवणीत उत्तर शिक्षकाजवळ असते. येथे ते समोरच्या माणसाजवळच आहे, असे गृहीत धरून त्याला योग्य प्रश्न विचारले जातात. टिमथी गॉलवे यांच्या टेनिसविषयक पुस्तकाने १९७४ साली या विचाराला चालना दिली. खेळाडूला सूचनांच्या भडिमारापेक्षा स्वतःच्या खेळाकडे पाहण्याची सवय अधिक उपयोगी पडते, हा त्याचा गाभा होता. पुढे हाच विचार उद्योगजगतात शिरला.

अशा संवादात चित्रांचा उपयोग प्रामुख्याने तीन प्रकारे होतो. पहिल्या प्रकारात संवादक तीस-चाळीस छायाचित्रे टेबलावर पसरून ठेवतो आणि प्रत्येकाला एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर म्हणून त्यांतील एक निवडायला सांगतो. दुसऱ्या प्रकारात सर्वांसमोर एकच चित्र असते आणि त्यात आपल्या परिस्थितीचे रूपक शोधले जाते. तिसऱ्या प्रकारात लोकांच्याच हाती कॅमेरा दिला जातो. त्यांनी टिपलेली छायाचित्रे चर्चेचा विषय होतात. तिन्ही प्रकारांत एक सूत्र समान आहे. चित्राचा अर्थ सांगण्याचा पहिला अधिकार ते पाहणाऱ्याचा असतो.

पिंगुळीची चित्रकथी

मालवणहून सुमारे तीस किलोमीटरवर कुडाळ आहे आणि कुडाळलगत पिंगुळी हे गाव. येथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. सावंतवाडी संस्थानच्या राजघराण्याचा या कलांना आश्रय होता. चित्रकथीत रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाच्या चित्रांचा संच असतो. त्यालाच ‘पोथी’ म्हणतात. कागदावर रंगवलेली चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी समोर पाटावर एकेक चित्र उभे करतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक असतात आणि गाण्यातून, निवेदनातून कथा पुढे सरकते. चित्र बदलले की प्रसंग बदलतो.

ही परंपरा किती जुनी असावी? चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावे असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथी शैलीतील चित्रे जतन केलेली आहेत. पिंगुळीत परशुराम विश्राम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे रूपांतर कलादालनात करून या कलांचे जतन केले. २०२१ साली त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली.

संवादाच्या अभ्यासकाने या प्रयोगात एक गोष्ट टिपण्याजोगी आहे. चित्रातील आकृती स्थिर असतात. हालचाल, राग, करुणा हे सारे ऐकणाऱ्याच्या मनात घडते. चित्र कथेला आधार देते, पण ती पूर्ण करीत नाही. ही अपूर्णता हीच त्याची ताकद आहे. मात्र येथे अर्थाचा धनी कथेकरी असतो. सीताहरणाच्या चित्रात काय दिसते, हे श्रोत्याने सांगायचे नसते. आधुनिक समूहसंवादाने नेमकी हीच जागा बदलली. त्याने पाट तसाच ठेवला आणि कथेकऱ्याला श्रोत्यांत नेऊन बसवले.

तज्ज्ञाकडून लोकांकडे

हा बदल एका दिवसात झाला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्राने चित्रे हाती घेतली ती निदानासाठी. स्वित्झर्लंडचे हर्मन रोर्शाख यांनी १९२१ साली शाईच्या डागांच्या दहा चित्रांची चाचणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनी १९३५ साली संदिग्ध प्रसंगांची चित्रे दाखवून त्यांवर गोष्ट रचायला सांगणारी चाचणी मांडली. दोन्हींत बोलणारा रुग्ण असे, पण अर्थ लावणारा तज्ज्ञ. म्हणजे अर्थाची किल्ली कथेकऱ्याच्या हातून डॉक्टरच्या हाती गेली, इतकेच.

१९५७ साली जॉन कॉलियर या छायाचित्रकार-अभ्यासकाने कॅनडाच्या सागरी प्रांतांतील एका संशोधनाचा अनुभव प्रसिद्ध केला. छायाचित्रांशिवाय घेतलेल्या आणि छायाचित्रांसह घेतलेल्या मुलाखतींची तुलना त्यात होती. छायाचित्रे समोर असताना उत्तरे अधिक नेमकी येत आणि लोक थकण्याऐवजी अधिक बोलू इच्छीत, असे त्याला आढळले. मुलाखतीत माणूस ‘आपली परीक्षा चालली आहे’ अशा भावनेने बसतो. छायाचित्र दिसताच तो माहीतगार होतो आणि समोरच्याला समजावून सांगू लागतो.

ब्राझीलच्या पावलो फ्रेरी यांनी याला राजकीय परिमाण दिले. १९६३ साली आंजिकोस या गावात सुमारे ३०० मजुरांना ४० तासांत साक्षर करण्याचा त्यांचा प्रयोग गाजला. अक्षरांआधी ते चित्रे दाखवीत. विहीर, घर, शेतकरी, शिकारी अशी रोजच्या जगण्यातली ही चित्रे असत. यातले निसर्गाने केलेले काय आणि माणसाने केलेले काय, यावर चर्चा होई. विहीर माणसाने खणली हे ज्याला उमगते, त्याला आपणही काही घडवू शकतो हे उमगते. १९६४ साली लष्कराने सत्ता घेतल्यावर फ्रेरी यांना अटक झाली आणि पुढे देश सोडावा लागला. चित्रावरची साधी चर्चाही सत्तेला किती अस्वस्थ करू शकते, याचा हा पुरावा.

१९६५च्या सुमारास फ्रान्समधील लिआँ येथे किशोरवयीनांबरोबर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी निवडक छायाचित्रांच्या संचावर आधारलेली समूहपद्धत विकसित केली. आज प्रशिक्षण वर्गांत दिसणारी चित्रपत्ते निवडण्याची रीत तिच्याशी नाते सांगते. १९९०च्या दशकात कॅरोलिन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतातील ६२ ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले. त्या स्त्रियांनी टिपलेल्या छायाचित्रांतून आरोग्य, कष्ट आणि बालसंगोपन यांचे प्रश्न अधिकाऱ्यांसमोर आले. ‘फोटोव्हॉइस’ या नावाने ही पद्धत जगभर गेली. येथे अर्थाची किल्ली अखेर ज्याचे जगणे, त्याच्या हाती आली.

चित्राने तोंड का उघडते?

याची कारणे गूढ नाहीत. दोन माणसे समोरासमोर बसून अवघड विषयावर बोलतात, तेव्हा नजरेला नजर भिडते आणि शब्द अडखळतात. मध्ये चित्र आले की दोघांची नजर तिसऱ्या वस्तूवर जाते. ‘माझी मुलगी घरी बोलत नाही’ असे म्हणणे जड जाते. ‘ह्या फोटोतला दरवाजा बंद दिसतो’ असे म्हणणे सोपे असते. पुढचे वाक्य मग आपोआप येते.

दुसरे कारण रूपकाचे. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली दाखवून दिले की, रूपक हा भाषेचा अलंकार नसून विचारांची चौकट असते. मराठीत तर याचा प्रत्यय पदोपदी येतो. आपल्यासमोर अडचणींचा डोंगर उभा राहतो, कामाला भरती येते, उत्साहाला ओहोटी लागते, धंदा बुडतो, संसाराची नौका पार होते. परंतु ‘डोंगर’ म्हणणारा आणि ‘ओहोटी’ म्हणणारा यांच्या पुढच्या कृती एक नसतात. डोंगर चढावा लागतो किंवा फोडावा लागतो. ओहोटीला मात्र थांबावे लागते आणि थांबलेल्या वेळात होडी दुरुस्त करता येते. ज्याचे रूपक बदलले, त्याला वेगळा मार्ग दिसू लागतो. संवादकाचे काम नवे रूपक लादण्याचे नाही. जे आहे ते त्याच्या लक्षात आणून देण्याचे आहे.

रापणीचे चित्र

मालवण किनाऱ्याने अशा संवादासाठी एक अस्सल रूपक दिले आहे, ते म्हणजे रापण. होडीतून लांब जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडले जाते. त्याची दोन टोके किनाऱ्यावर असतात आणि ती दोन तुकड्या ओढतात. जाळे जवळ येत जाते, तसतशा दोन्ही तुकड्याही एकमेकींकडे सरकतात. शेवटी मासळी वाळूत येते आणि वाटे पडतात. एकट्याने रापण ओढता येत नाही. एका तुकडीने घाई केली तर जाळे तिरके होते आणि मासळी निसटते.

समजा, असे एक छायाचित्र पुण्या-मुंबईच्या एखाद्या कार्यालयीन गटासमोर ठेवले. प्रश्न साधे असावेत. या चित्रात तुम्ही कोठे आहात? दोर धरलेले, होडीत बसलेले, की बाजूला उभे राहून पाहणारे? तुमच्या विभागाचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे? वाटे कोण पाडतो? गेले सहा महिने दोर ओढूनही वाट्याला न आलेला कनिष्ठ सहकारी ‘माझ्यावर अन्याय होतो’ असे म्हणणार नाही. पण तो चित्रातल्या टोपलीकडे बोट नक्की दाखवील. वरिष्ठाने ते बोट पाहिले, तर सभेचे सार्थक झाले.

हेच छायाचित्र मालवणातील मच्छीमारांच्या बैठकीत ठेवले, तर मात्र ते रूपक राहत नाही. तेथे तो उपजीविकेचा प्रश्न होतो. पारंपरिक रापणकर आणि यांत्रिक पर्ससीन नौकांचे मालक यांच्यातील संघर्ष या किनाऱ्याने वर्षानुवर्षे पाहिला आहे. राज्य शासनाला ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढावा लागला. अशा ठिकाणी एकाच जाळ्याच्या चित्रात एकाला वारसा दिसेल, दुसऱ्याला मागासलेपण, तिसऱ्याला कर्जाचा हप्ता. नकाशाचेही तसेच. १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याच्या नकाशावरील रेषेत वनाधिकाऱ्याला प्रवाळ आणि जैवविविधतेचे रक्षण दिसते, तर मच्छीमाराला आपल्या समुद्रावर पडलेले कुंपण. ‘ह्येच्यात तुमका काय दिसता?’ हा प्रश्न दोघांनाही विचारला गेला आणि दोघांनी एकमेकांचे उत्तर ऐकून घेतले, तर तंटा मिटेलच असे नाही. परंतु तो नेमका कशावरून आहे, हे तरी स्पष्ट होते.

बैठक कशी घ्यावी?

आठ ते बारा जणांचा गट आणि दीड-दोन तासांचा अवधी पुरेसा असतो. छायाचित्रे छापील असावीत. हातात धरता आली, एकमेकांकडे देता आली, की माणसे जवळ सरकतात. पडद्यावर दाखवलेले चित्र लोकांना पुन्हा प्रेक्षक बनवते. चित्रांत विविधता हवी. माणसे, वाटा, झाडे, अवजारे, रिकाम्या जागा, गर्दी असे सारे असावे. अतिसुंदर, कॅलेंडरवर शोभणारी चित्रे टाळावीत; त्यांवर ‘छान आहे’ यापलीकडे कोणी काही बोलत नाही. थोडे संदिग्ध चित्र अधिक बोलके ठरते.

प्रश्न आधी एकच आणि स्वच्छ असावा. ‘आपला गट आज कोठे उभा आहे, हे सांगणारे एक चित्र निवडा.’ निवड शांतपणे, न बोलता करू द्यावी. आपल्याला हवे ते चित्र दुसऱ्याने आधीच उचलले, तरी दोघांनीही त्यावर बोलावे. नंतर प्रत्येकाला सारखा वेळ द्यावा आणि सुरुवात सर्वांत वडीलधाऱ्या किंवा अधिकारी व्यक्तीपासून करू नये. नाहीतर पुन्हा ‘व्हय म्हाराजा’चा सूर लागतो.

चर्चा पायऱ्यांनी न्यावी. चित्रात काय दिसते, तेथे खरोखर काय चालले आहे, त्याचा आपल्याशी काय संबंध, असे का घडते आणि आपण काय करू शकतो, हा क्रम फोटोव्हॉइसच्या कार्यकर्त्यांनी रूढ केला आहे. पहिली पायरी ओलांडून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारण्याचा मोह आपल्या सभांना फार असतो. शेवटी प्रत्येकाने आपल्या चित्राला एका ओळीचे शीर्षक द्यावे. सभेच्या इतिवृत्तापेक्षा ही दहा-बारा शीर्षके अधिक काळ लक्षात राहतात.

कॅमेरा कोणाच्या हाती?

तारकर्लीची वाळू, १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला, माडांच्या रांगा, सूर्यास्त अशी मालवणची लक्षावधी छायाचित्रे पर्यटकांच्या मोबाइलमध्ये आहेत. ती खोटी नाहीत. पण ती पाहुण्याची आहेत. पहाटे लिलावासाठी ताटकळणारी मासेविक्रेती, १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात उलट्या ठेवलेल्या होड्या, पर्यटकांसाठी भाड्याने दिलेली माडी आणि स्वतः पडवीत झोपणारे कुटुंब ही चित्रे कोण काढणार? आज मोबाइल जवळजवळ प्रत्येक घरात आहे. ‘माझ्या दिवसातील तीन छायाचित्रे’ एवढेच काम बचत गटातील स्त्रियांना किंवा शाळेतील मुलांना दिले, तर गावाच्या विकास आराखड्यात कधी न उमटलेले प्रश्न समोर येऊ शकतील. वँग आणि बरिस यांच्या प्रयोगाला जे कॅमेरे बाहेरून पुरवावे लागले, ते आज लोकांच्या खिशात आहेत. कमतरता आहे ती चित्रे ऐकून घेणाऱ्यांची.

जपून वापरायचे साधन

जे साधन मन उघडते, ते मन दुखवूही शकते. वाळूवरील रिकामी होडी शहरातील प्रशिक्षकाला विश्रांतीचे प्रतीक वाटेल. नोव्हेंबर २००९मधील ‘फयान’ किंवा मे २०२१मधील ‘तौक्ते’ वादळाची झळ बसलेल्या घराला त्या होडीत दुसरेच काही दिसेल. म्हणून चित्रे निवडताना स्थानिक माणसाचा सल्ला घ्यावा. काही चित्रे सार्वजनिक जखमेशी जोडलेली असतात. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. ते दृश्य चर्चेत आणले, तर संवाद क्षणात राजकीय वादाकडे वळेल. वाद टाळावा असे नव्हे; पण तो ठरवून घ्यावा, अनवधानाने नव्हे.

ज्यांची छायाचित्रे काढायची, त्यांची आधी परवानगी घ्यावी आणि ती कोठे दाखवली जाणार हे सांगावे. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती अनिवार्य मानावी. बैठकीत कोणाला न बोलण्याचा हक्क असावा. कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, तर संवादकाने मानसोपचारतज्ज्ञाचा आव आणू नये. थांबावे, विचारपूस करावी आणि गरज भासल्यास योग्य व्यक्तीकडे जाण्यास सुचवावे. सर्वांत महत्त्वाचे पथ्य म्हणजे, दुसऱ्याच्या चित्राचा अर्थ आपण सांगू नये. ‘तुम्ही अंधाराचे चित्र निवडले, म्हणजे तुम्ही निराश आहात’ असे म्हणणारा संवादक पुन्हा त्या जुन्या खुर्चीत जाऊन बसतो, जेथून लोकांना उठवण्यासाठी ही सारी खटपट होती. त्या अंधारात कोणी पहाटे समुद्रावर निघण्याची वेळही पाहिली असेल.

पिंगुळीचा कथेकरी पाटावर पुढचे चित्र ठेवतो, तेव्हा क्षणभर सारे शांत होतात. त्या क्षणात प्रत्येकाने आपापली कथा मनात सुरू केलेली असते. परंपरेत ती मनातच राहते, कारण तेथे ऐकण्यात आनंद आहे. संस्था, कुटुंब किंवा गावाचा निर्णय घ्यायचा असेल, तेव्हा मात्र ती बाहेर यावी लागते. ‘व्हय म्हाराजा’ म्हणण्यापूर्वी प्रत्येकाला ‘माका असा दिसता’ म्हणण्याची संधी मिळाली, तर नंतरचा होकार खऱ्या अर्थाने सर्वांचा होईल.